मेहुण्यांची उमेदवारी

गाडी गच्च भरल्याशिवाय जागची हलू न देणारा, आमच्या मेहुण्यांसारखा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. त्यांना दौंडच्या आडतीवर जागा मिळाली, असं कानावर येताच मी पेढे आणून अख्ख्या आळीत वाटून टाकले. शेवटचा पेढा त्यांच्याच हातावर ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "दाजी, नोकरी न्हाई ती. उमेदवारी हाय. बिनपगारी." पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

मेहुणे म्हणजे आमच्या हिचे थोरले भाऊ. शिरूरच्या मोटारस्टँडवर खासगी मोटारी भरून देण्यात त्यांची उमर गेली. त्या मोटारींना वेळापत्रक नव्हतं. भरली की सुटायची. आत बसलेली माणसं घामानं भिजून शिव्या द्यायची आणि हे दाराशी उभे राहून कवठे गावाच्या बाजूला धूळ उडते का बघायचे. "मामा, गुडघं आत घ्या. आजी, कोंबडी मांडीवर. एक शीट येतंय अजून!" ही सवय अंगात इतकी मुरली, की घरच्या पंगतीत एक पाट रिकामा दिसला तरी ते वाढू द्यायचे नाहीत. रस्त्यावरून कुणाला तरी हाताला धरून आणायचे, तोवर आमटी गार. एकदा तर माणसं थोडी दिसली म्हणून यांनी चक्क तिरडी थांबवली. "वरच्या आळीचं दोघं येत्यात, दम धरा." मयताची काही तक्रार नव्हती.

मग सरकारी मोटारी आल्या. त्या घड्याळावर सुटायच्या, रिकाम्यासुद्धा. तीनच माणसं घेऊन मोटार गेलेली पाहिली, त्या दिवशी मेहुणे जेवले नाहीत. हळूहळू खासगी मोटारी बंद पडल्या, घरातली भांडी मोडीत गेली, आणि वहिनी पोरांना घेऊन केंदूरला माहेरी गेल्या. त्यांच्या सासऱ्यांनी निरोप धाडला, "पगार सुरू झाला की न्यायला या. तवर येऊ नका."

शिरूरच्या घराला कुलूप लावून मेहुणे दौंडला आमच्याकडे आले. मी लाकडाच्या वखारीत कारकून. जेवढ्या ओळखी होत्या तेवढ्या काढून मी त्यांना हिंडवलं. सायकलचं दुकान, पिठाची गिरणी, छापखाना. सगळीकडे त्यांच्या पिकल्या मिशा बघून लोक विचारायचे, "उमेदवार कुठाय?" शेवटी ते एकटेच भाजी-फुलांच्या आडतीवर गेले, तेव्हा तिथले आप्पा म्हणाले, "दसऱ्यापातुर फुकट राबा. काम पटलं तर पगारावर घेतो."

मेहुणे राबले. करंड्या उचलायच्या, त्यांची तोंडं सुतळीनं शिवायची, स्टेशनवर पोचवायच्या. बोटं चिरली. संध्याकाळी ओट्यावर बसून हिला विचारायचे, "धाकटं आता चालत आसंल का गं?"

दसरा दोन दिवसांवर आला. आप्पांनी झेंडूच्या करंड्या बैलगाडीत घालून मेहुण्यांच्या हवाली केल्या. दुपारच्या रेल्वेनं मुंबईला जायच्या होत्या. बैलगाडी अर्धीच भरली होती. मी वखारीच्या दारातून बघतो, तर बैल जुंपलेले आणि मेहुणे रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे.

"चला की आता," गाडीवान कावला.

"थांब रं. मळ्याकडची फुलं यायचीत. एवढी जागा मोकळी न्यायची व्हय?"

"अहो, रेल्वे जाईल!" मी ओरडलो.

"आलंच, दाजी! त्ये बघा, दिसतंय!"

मळ्याकडची फुलं आली. करंडीला करंडी घासून बसली. मेहुण्यांनी मागून थाप मारून बैलगाडी सोडली, तेव्हा त्यांचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला होता. स्टेशनात पोचले, तर फलाटावर एक कुत्रं तेवढं होतं.

आप्पा ओरडले नाहीत, हेच वाईट. "माणूस लाखाचं हाय तुम्ही," ते म्हणाले, "पर झेंडू थांबत न्हाई वो कुणासाठी. उद्यापासून येऊ नका."

"व्हय," मेहुणे म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पर गाडी भरली हुती, आप्पा."

दसऱ्याला सोनं देऊन ते निघाले. मी त्यांना शिरूरच्या मोटारीत बसवलं. खिडकीतून म्हणाले, "बहिनीला सांगा, भाकरी लई ग्वाड आसायची." केंदूरचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

घरी आलो. ही परातीत पीठ घेऊन बसली होती. म्हणालो, "दिलं बसवून. तिन्हीसांजेला पोचतील शिरूरला."

तिचा हात थांबला.

"तिथं कोन हाय त्याचं?" ती म्हणाली. मग पिठाकडेच बघत म्हणाली, "दादाला चूल बी पेटवता येत न्हाई वो."