मांडीवरचे देव

कोथरूडला आमच्या शेजारची जुनी इमारत पाडून नवी बांधताहेत. काल डंपरनं खडी ओतली, दगडाच्या भुकटीचा वास खिडकीतून आत आला आणि मी थेट आत्याच्या स्वयंपाकघरात पोचले.

आत्याचं गाव पुण्याबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. डोंगरात दगडखाण होती. दुपारी भोंगा वाजला की सुरुंग उडायचा. भोंगा ऐकला की आत्या कणीक झाकायची आणि कोनाड्यातले देव मांडीवर घेऊन बसायची. मी हंड्यातल्या पाण्यावर उठणारी वलयं बघायला टपलेली असायचे.

"देव घाबरतात का गं?" एके दिवशी मी विचारलं.

"घाबरत न्हाईत. पडत्यात."

त्या दिवशीचा हादरा मोठा होता. संध्याकाळी आत्यानं परसातल्या विहिरीत पोहरा सोडला, तर तो खाली दगडावर आपटला. सकाळी तिनंच तिथून हंडे भरले होते. कुठल्याशा भेगेतून सगळं पाणी निघून गेलं होतं. मी वाकून हाक मारली, आवाज घुमला, म्हणून हसले. आत्या रिकामा पोहरा धरून नुसती उभी होती.

काल खिडकी लावताना तिचा तेव्हाचा चेहरा आठवला. देव तिनं रोज सांभाळले. विहीर काही मांडीवर घेता येत नव्हती.