घोडीवाले भैया आणि फटाक्यांची लड

आमच्या गुढियारी मोहल्ल्यात वरातीची घोडी पाळणारे एक भैया आहेत. इंग्रजीत घोडे सांभाळणाऱ्याला रँगलर म्हणतात, आणि भांडखोरालाही. दोन्ही बिरुदं त्यांनी एकट्यानं कमावलीत. नळावर, पार्किंगवर, रोज कोणाशी तरी त्यांचं वाजतंच.

माझ्या ताईच्या मुलाच्या वरातीत पाहुण्यांनी घोडीपुढे फटाक्यांची लड अंथरली. भैयांनी नवरदेवाला चक्क खाली उतरवलं. मांडव येईपर्यंत नवरदेव उतरत नसतो! ताई ओरडली, "काहून उतरवून राहिले, भैया? अपशकुन होते!"

"हव, होते," ते हळूच म्हणाले. "लड उचला, बसवतो."

वरात खोळंबली. पाहुणे तावातावानं बोलले. भैया घोडीचा कान कुरवाळत नुसते उभे.

शेवटी लड ताईनंच उचलली.

भैया भांडले असते, तर आम्ही नक्की जिंकलो असतो.