ढोलीतला प्रोसेसर
कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेल्या धानाचा वास आला की मला भंडाऱ्यातलं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. आमच्या घरात कॉलेज पहिल्यांदा मीच केलं, आणि नागपूरच्या नोकरीवर निघण्याआधी माझा कॉम्प्युटर सुधारून घ्यायला बाबा आमच्या करडी गावाहून सोबत आले होते. दुकानदाराने दुसऱ्या जनरेशनचा प्रोसेसर काढून टेबलावर टाकला. "काका, आता चौथी पिढी आली, हा फेका." "काहून फेकू? पुढची पिढी याच्यातूनच निघन ना? आमी बियाणं फेकत नाही, भाऊ," म्हणत बाबांनी तो खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या टोकाला बांधला. "मंग खत कोनतं टाकता याले?" दुकानदाराने विचारलं. सगळे हसले, बाबाही हसले. मी समजावलं, "बाबा, कंपनी दर वेळी नवाच बनवते. जुना नव्या बोर्डात बसतच नाही." बसस्टँडवर मी विचारलं, "मग येता ना नागपूरले माझ्याकडे राहाले?" ते दुपट्ट्याची गाठ चाचपत म्हणाले, "तूच म्हनली ना, जुना नव्यात बसत नाही. मी अठी गावातच बरा, पोरी." ते कधी आलेच नाहीत. यंदा, बाबा गेल्यावर, बियाण्याची बांबूची ढोली मी उघडली, तर पाल्याखाली धानात तो चौकोनी तुकडा तसाच चकाकत होता. माझ्या लॅपटॉपवर आता तेराव्या जनरेशनचं स्टिकर आहे. धान मी शेजारच्या काकांना पेरायला देऊन टाकलं, आणि त्यातलं न उगवणारं तेवढं एक बियाणं नागपूरला घेऊन आले.