चौकातला फ्लेक्स

नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की मला बेलापूरचा चौक आठवतो. राज्यशास्त्राच्या पदवीसाठी मला पुणे आणि हैदराबाद, दोन्हीकडे प्रवेश मिळाला होता आणि उत्तर कळवायला दोन दिवस उरले होते. मला हैदराबाद हवं होतं. पुण्याच्या संस्थेच्या संचालक मंडळावर आमच्या भागातले एक पुढारी होते, सगळे त्यांना साहेब म्हणत. सकाळी डेअरीत दूध घालून वडील परतले ते गंभीर चेहऱ्यानंच. "चौकात तुझा फोटो लागलाय," एवढंच म्हणाले. मी धावत गेले. फ्लेक्सवर साहेब पुरुषभर उंच, मी कोपऱ्यात तिकिटाएवढी, आणि खाली ठळक अक्षरांत: साहेबांच्या प्रयत्नांतून गावच्या कन्येला पुण्यात प्रवेश. कसले प्रयत्न? परीक्षेला काय साहेब बसले होते? "आता पुन्यालाच जा, बाय," चहावाले काका म्हणाले, "साहेबांनी जाहीर केलंय. न्हाई म्हनलीस तर त्यांची लाज जाईल." "आणि माझी गेली ती, काका?" असं म्हणत मी त्यांचंच स्टूल ओढलं आणि वर चढून फ्लेक्सला हात घातला. मागून वडील आले. जन्मभर गावोगाव चळवळीची पत्रकं वाटलेला माणूस, तरी आता मला खाली उतरवणार असं वाटलं. त्यांनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "फाडू नगं, दोऱ्या सोड," ते म्हणाले, "वैरनीवर झाकायला हुईल." त्याच दुपारी मी हैदराबादला होकार कळवला. इथे हैदराबादेतही कुणी न विचारता माझ्या वतीनं बोलायला लागलं, की माझी नजर आधी स्टूल शोधते.