जुन्या इंजिनाच्या आवाजाची मोटर

पाक सुगेंग जावातल्या क्लातेनच्या साखर कारखान्यात फिटर होते तेव्हापासून दर रविवारी मागच्या मैदानात रिमोटचं विमान उडवायचे. इंजिन तेलावरचं, आणि आवाज असा की आळीतल्या कोंबड्या जीव घेऊन पळायच्या. बायको रुमिनाह म्हणायची, "ओरडू दे मेल्याला. आवाज थांबला की मी पानं घेते. घड्याळ बघायला नको."

पुढे रुमिनाहच्या डोक्यातून माणसं एकेक करून पुसली गेली. आधी शेजारीपाजारी, मग जकार्तातली लेक, आणि यंदा नवरा. घरात वावरणाऱ्या म्हाताऱ्याला ती पूर्वीसारखंच 'पाक' म्हणायची. पण जावात बायको नवऱ्याला पाक म्हणते आणि दारात आलेल्या गॅसवाल्यालाही पाकच. त्या एका शब्दावर सुगेंगनी बरेच दिवस स्वतःला फसवलं. मग एका सकाळी तिने विचारलं, "पाक, तुमच्या घरी कोण कोण असतं?" ते न्हाणीघरात जाऊन रडले.

विमानाचा आवाज मात्र तिला कळायचा. रविवारी तो थांबला की ती उठून दोन ताटं मांडायची, आणि सुगेंग विमान काखेत मारून दारात आले की हसायची. तेवढ्या जेवणापुरते ते तिचा नवरा असायचे. आठवडाभर ते त्या जेवणावर जगत.

अशात एकदा विमान नाकावर आपटलं आणि इंजिनाला तडा गेला.

"तेलाची इंजिनं आता कोण ठेवतं?" दुकानदार को लियाँग म्हणाला. "बॅटरीची मोटर घ्या. ही मोठी, सावकाश फिरणारी. रुंद पंखा लावला की अर्धा तास उडेल, आणि आवाज अजिबात नाही."

"तीच नको."

"लोक मुकी मोटर मागतात, तुम्हाला बोंबलणारी हवी? मग कबुतरांच्या शेपटीला बांधतात तसली शिट्टी बांधा की विमानाला."

सुगेंग हसले नाहीत. दुसऱ्या मोटरीला दोन पात्यांचा पंखा लावून बघितला. ती नुसती शीळ घालायची. मनासारखी मिळेना. लियाँगने बाहेरगावाहून आणखी मोटरी मागवल्या, आणि त्यात महिना गेला. शेवटी एक छोटी, भन्नाट वेगाची मोटर आली. तिला तीन पात्यांचा आखूड पंखा लावून लियाँगने ती टेबलावर चालू केली. सुगेंग डोळे मिटून ऐकत राहिले.

"हीच."

"पाक, वेडे आहात का? तापेल ती. चार मिनिटांत बॅटरी बसेल."

"चार पुरेत. तिला ऐकू गेलं म्हणजे झालं."

"कोणाला?"

सुगेंगनी सांगितलं. लियाँगची थट्टा तिथेच थांबली. त्याने तो पंखा स्वतःच्या हाताने तोलून, घासून, बसवून दिला.

रविवारी विमान वर गेलं आणि कोंबड्या पळाल्या. सुगेंगना इतका आनंद झाला की त्यांना विमान नीट दिसेना. त्यांनी ते घाईने उतरवलं आणि काखेत मारून, या वयात, जवळजवळ धावतच घर गाठलं.

चटईवर दोन ताटं होती. भात, सोयाबीनचं तळलेलं तेम्पे, नारळाच्या रसातली भाजी. रुमिनाहने केसही विंचरले होते. विमान बघताच तिचा चेहरा उजळला. तिने पंखावरून हात फिरवला. मग ती सुगेंगच्या खांद्यावरून दाराकडे बघायला लागली.

"आणून दिलंत, फार बरं केलंत, पाक," ती म्हणाली. "आणि आमचे हे? ते कुठे राहिले?"

महिनाभर विमानाचा आवाज घरात आला नव्हता. तेवढ्यात उरलंसुरलंही गेलं होतं.

"येतायत," सुगेंग म्हणाले. "मागून येतायत."

"मग बसा ना तोवर. फक्त त्या ताटावर नका बसू हं. ते त्यांचं आहे."

सुगेंग चटईच्या कडेला बसले, आणि दोघंही दाराकडे बघत राहिली.