डावीकडचा आनंदा

रविवारी सकाळी तोरसकरांच्या घरात घाई नसते. कालिंदी ओट्याशी बसून कोलंबी सोलत होती, वाटणाचा कांदा तव्यावर तांबूस होत आला होता, आणि आनंदा नेहमीसारखा बुटांची पिशवी खांद्याला लावून मैदानावर गेला होता. लालबागच्या त्यांच्या चाळीत दिवसा कुणी दार लावत नाही. येणारा जिन्यातूनच हाक मारतो आणि थेट ओट्यापर्यंत येतो. म्हणून उघड्या दारावर टकटक झाली तेव्हा तिला वाटलं, कुरिअरवाला असणार.

दारात तात्या उभा होता. आनंदाच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, आणि आनंदाचा शाळेपासूनचा दोस्त. गुडघ्यापर्यंत लाल माती, हातात टोपी. इतक्या वर्षांत हा माणूस कधी दार वाजवून आला नव्हता.

"वहिनी, आन्या आहे घरात?"

"घरात? अहो तात्या भावोजी, ते तुमच्याकडेच तर आलेत."

"कुठे हो! गणपतीनंतर मैदानात पाऊल नाही त्याचं. फोन केला की म्हणतो, गावचे पाहुणे आलेत. म्हटलं पाहुणे आहेत का राहायलाच आलेत, एकदा बघून तरी येऊ." तात्याने आत नजर टाकली. "पुढच्या रविवारी भायखळावाल्यांशी मॅच आहे. लेफ्ट बॅकला स्वप्नीलला उभा केलाय. पोरगा चांगला आहे, पण पडला उजव्या पायाचा. डावीकडे बॉल आला की आधी आत वळणार, उजव्या पायावर घेणार, मग मारणार. तोवर समोरचा बॉल घेऊन पसार. आन्याला वळावंच लागत नाही. आला बॉल की डाव्याने लाइनीला धरून सरळ पुढे. मला येतो का नाही ते सांग म्हणावं, बस्स."

कालिंदीने हात पुसले आणि फोन लावला. तात्यालाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"हां, बोल गं," पलीकडून आनंदा म्हणाला. "मैदानावरच आहे. वॉर्मअप चाललाय. हा तात्या बोंबलतोय नेहमीसारखा."

तात्या तिच्यासमोर तोंड उघडं टाकून उभा होता. तेवढ्यात आनंदाच्या मागून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "चला, ड्रेसिंगवाले आत चला! पट्टी सोडून बसा रे!" आणि फोन बंद झाला.

कांदा करपल्याचा वास आला. कालिंदीने गॅस बंद केला, पण तिथून हलली नाही. महिना-दीड महिना आनंदा स्वतःचे मोजे स्वतः धूत होता. न्हाणीत कडी लावून धुवायचा, आणि ती शेजारणीला कौतुकाने सांगत होती, आमच्याकडे या वयात सुधारणा झाली म्हणून. झोपतानाही मोजे. विचारलं तर म्हणे, गार लागतं. मुंबईत ऑक्टोबरमध्ये कुणाला गार लागतं?

"चला भावोजी," ती म्हणाली. "परळच्या दवाखान्यात. त्यांचे कागद तिथलेच आहेत."

दोघं टॅक्सीत बसली. ती त्या पायाचाच विचार करत होती. आनंदाचं सगळं डावं. लहानपणी आईने जेवताना त्याचा डावा हात ओढणीने पाठीशी बांधून उजव्या हाताची सवय लावली, पण पायाकडे तिचं लक्ष गेलं नाही. चाळीच्या टीममध्ये पोरगा पुढे खेळायचा, गोल मारायचा आणि बोंबा मारत मैदानभर पळायचा. मग टीमला शिकवणाऱ्या राजाराम मास्तरांनी त्याचा पाय पाहिला. मास्तर म्हणाले, "गोल मारणारी पोरं मला रस्त्यावर मिळतात. डावा पाय कुठून आणू? तू मागे, डावीकडे उभा राहा." तो उभा राहिला. पुढे कुणी त्याला दुसरीकडे उभं केलंच नाही. लग्नानंतर एकदा, मैदानावरून चिखलाने भरून आल्यावर, तो तिला म्हणाला होता, "पुढे खेळायला मजा असते गं." तेवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही.

पण त्या पायाने त्याला खूप दिलं. कॉटन ग्रीनच्या गोदामातली नोकरी त्या पायावर लागली. कंपनीची टीम होती, टीमला लेफ्ट बॅक नव्हता. मुलाखतीत मोठ्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "नक्की डावा आहेस ना? मॅचच्या दिवशी उजवा निघू नकोस." नोकरी लागली म्हणून लग्न ठरलं. वरात दारात आली, कालिंदीने रीतीप्रमाणे उजव्या पायाने माप ओलांडलं, आणि शेजारी नवरदेवाने बेधडक डावा पाय आत टाकला. सासूबाई कडाडल्या, "अरे मेल्या, उजवो पाय आधी!" त्याला बाहेर काढून पुन्हा आत घेतला. दुसऱ्या वेळीही डावाच पडला. सगळी चाळ हसली होती.

बुटांचीही तीच तऱ्हा. डावा बूट फाटायचा, उजवा कोरा राहायचा. दरवेळी नवी जोडी आणायची आणि जुना उजवा माळ्यावर टाकायचा. "या उजव्यांचं काय करू, लोणचं घालू?" ती विचारायची. "राहू दे, एखादा उजव्या पायाचा जावई मिळेल," तो म्हणायचा.

बॉल सारखा त्याच बाजूने मारून त्याच्या डाव्या करंगळीखाली कुरूप झालं होतं. टीममधल्या सगळ्या जुन्या मंडळींच्या पायाला कुठे ना कुठे ते होतं, आणि मॅचच्या आधी पायरीवर बसून ते ब्लेडने सोलायचं, हा त्यांचा रिवाजच होता. मध्ये आनंदाला मधुमेह निघाला. त्याने चहातली साखर सोडली आणि त्याच्या मते विषय मिटवला. या मे महिन्यात ब्लेड खोल गेलं, रक्त आलं, पण दुखलं नाही. हा घरी येऊन खूश. "पाय मुरला बघ माझा. आता खिळा गेला तरी कळायचं नाही." टीमवाल्यांनी पाठ थोपटली. कालिंदीही हसली होती. ते आता तिला टॅक्सीत आठवलं आणि ती खिडकीकडे तोंड करून बसली.

रविवारी दवाखान्यातलं बाकी सगळं बंद होतं, ड्रेसिंगची खोली तेवढी चालू होती. बाकावर आनंदा बसला होता. बुटांची पिशवी मांडीवर, डावा पाय स्टुलावर, पट्टी सोडलेली. करंगळी नव्हतीच. तिच्या जागी आणि वर घोट्याकडे जे होतं ते कालिंदीने एकदा पाहिलं, पूर्ण पाहिलं, आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कोलंबी फ्रिजमध्ये ठेवलीस ना?" तो म्हणाला.

"करंगळी कधी काढली?"

"ते हे... गोदामातून हाफ डे घेतला होता."

"हाफ डे घेऊन बोट कापून आलात आणि घरी येऊन भात जेवलात?"

"भूक लागली होती गं."

तात्याने तोंड फिरवलं. डॉक्टरीण आली. तरुण मुलगी, डोळे जागरणाने सुजलेले. "तुम्ही मिसेस ना? बरं झालं आलात. मी काकांना दोन आठवडे सांगतेय. साखरेने पाय बधिर झाला, जखम कळलीच नाही, आता विष हाडात गेलंय. गुडघ्याखालून पाय काढायला हवा. आत्ता काढला तर गुडघा वाचेल, नकली पाय लावून चालता येईल. थांबलो तर वर चढत जाईल, मग जिवावर येईल. काका दरवेळी म्हणतात, पुढच्या रविवारी सांगतो."

ती पुढच्या पेशंटकडे गेली. आनंदा पिशवीच्या बंदाशी खेळत राहिला.

"उजवा असता ना," तो हळू म्हणाला, "तर पहिल्याच दिवशी हो म्हटलं असतं. घेऊन जा म्हटलं असतं. माळ्यावरचे बूटही दिले असते वर."

"फालतू बोलू नकोस, आन्या," तात्या म्हणाला.

"फालतू काय? मला कोणी आनंदा म्हणून कधी बोलावलं का रे? मास्तरांना डावा हवा होता. साहेबांना डावा हवा होता. तू आज घरी आलास, कशाला आलास? तुला लेफ्ट बॅक हवाय."

तात्या खरंच त्यासाठीच आला होता.

कालिंदी त्याच्या शेजारी बाकावर टेकली. पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. माणसांनी भरलेल्या खोलीत तिने असं कधी केलं नव्हतं. "अहो, माझं लग्न काय तुमच्या डाव्या पायाशी लागलंय? तो तर दोनदा सांगूनही नीट आत आला नव्हता."

आनंदा हसला. हसता हसता त्याचे खांदे हलायला लागले आणि मग हसू राहिलं नाही. तिने त्याला रडू दिलं. पलीकडच्या म्हाताऱ्याने आपली खुर्ची थोडी बाजूला वळवून घेतली. ड्रेसिंगवाला कापसाचा ट्रे घेऊन आला, थबकला आणि परत गेला.

बऱ्याच वेळाने आनंदाने नाक पुसलं. "डॉक्टरणीला सांग, काढा म्हणावं. उद्याच भरती होतो. पुन्हा विचारू नका म्हणावं मला, फक्त काढा."

"सांगते," कालिंदी म्हणाली, पण उठली नाही. त्याचा हात तिच्या हातात होता.

तात्या टोपी चुरगाळत उभा होता. "आन्या, टीमला काय सांगू? काही हवंय का तुला? डबा, गाडी, रक्त द्यायला पोरं..."

"काही नको," आनंदा म्हणाला. मग तात्याकडे वळला.

"एक कर. पुढच्या रविवारी स्वप्नीलला माझ्या जागी उभा करू नकोस. कुणालाच करू नकोस. ती एक मॅच दहाजणच खेळा."