घोडीच्या वाटेवरचं गाजरगवत

आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गाजरगवत दिसलं तेव्हा मी सरळ घोडीवर आळ घेतला. गावातल्या एका मामांकडं वरातीची घोडी आहे. लग्नसराई संपली की ते तिला रोज सकाळी आमच्या शेताशेजारच्या पांदणीनं, त्या अरुंद गाडीवाटेनं, फिरवतात. गवत उगवलं तेही नेमकं पांदणीच्या दोन्ही अंगांनी. निंदताना बायकोच्या हातांवर फोड आले, डॉक्टरांनी गाजरगवताला हात लावू नका म्हणून सांगितलं, आणि माझं डोकं फिरलं. घोडी बाहेरगावच्या वराती करते, कुठलाही चारा खाते. बी लिदीतूनच येत असणार.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. म्हटलं, पुरावा काढू. एका सकाळी पिशवी घेऊन घोडीमागं चाललो. मामांनी वळून पाहिलं.

"सर, लीद कशाला गोळा करून राहिलात?"

"गुलाबाला," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी मामा टोपलंभर लीद दारात ठेवून गेले. "चांगली कुजवून घाला, लई गरम असती," असं बायकोला सांगून गेले. मला त्यातही काळंबेरं दिसलं. निवडून, साफ करून आणली असेल! ती मी वापरलीच नाही.

पिशवीतली थोडी लीद मातीत मिसळून चार कुंड्यांत घातली. तीन आठवड्यांत हरभरा उगवला, थोडं गवत आलं आणि दोन कुंड्यांत ती ओळखीची कातरलेली पानं. चोर सापडला! त्याच संध्याकाळी मी बाभळीच्या फांद्या तोडून पांदणीवर आडव्या टाकल्या.

दोन दिवसांनी घोडी लंगडताना दिसली. मामा कुणाला काही बोलले नाहीत. तिला हळूहळू डांबरी रस्त्यानं नेऊ लागले. तिथं ट्रक धावतात.

बायको कुंड्यांपाशी येऊन म्हणाली, "ह्यात माती कुठली घातली?"

"आपल्याच शेतातली."

तिनं कुंडीतली चिमूटभर माती माझ्या तळहातावर ठेवली. बी त्या मातीतच असू शकतं; तुलनेला नुसत्या मातीची एक कुंडी ठेवायची, हे पोरांना दरवर्षी शिकवतो, तेच मी विसरलो होतो.

मग त्यातलं बी मरावं म्हणून माती घमेल्यात भाजून घेतली. पिशवीत उरलेली लीद त्या मातीत घातली, आणि एका कुंडीत नुसती न भाजलेली माती ठेवली. लिदीच्या कुंडीत हरभरा आणि साधं गवत आलं. गाजरगवत आलं ते नुसत्या मातीत.

मामांकडं गेलो, सगळं सांगितलं. ते घोडीच्या पायाला हळद लावत होते.

"काटे तुम्हीच टाकले?"

"हो."

"ठाव हाय. ती बाभळ तुमच्याच धुऱ्याची."

मी माफी मागितली. ते उठले, घोडीचा चांगला पाय उचलून खुरातला चिखल खिळ्यानं खरवडला आणि कागदात बांधून माझ्या हातात दिला. "हेबी पेरा. न्हाई तर उद्या म्हणाल, खुरातून आणलं. आन् तुमच्या बुटाचाबी पेरा."

दोन्ही भाजलेल्या मातीत पेरले. खुरातल्या चिखलातून एक रोप आलं, माझ्या बुटाच्या चिखलातून तीन. मामांना बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून दोन्ही कुंड्या निरखल्या, एका बोटानं माती उकरली.

"खुरातलं आपोआप आलं का तुम्ही टाकलं?"

"आपोआप आलं."

"बघा बुवा," ते म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नव्हता, आणि मला रागावता येईना.

काटे मी माफी मागितली त्याच दिवशी उचलले होते. आता पांदणीच्या कडेला नव्यानं उगवलेलं गवत फुलं यायच्या आत हातमोजे घालून उपटायला लागलो, तसे मामाही आले. हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून ते पलीकडच्या अंगानं उपटत होते. मधूनमधून थांबून माझ्याकडं बघायचे.

"सर, तिकडं बुडाशी राहिलं," एकदा ते म्हणाले. मी मागं गेलो. राहिलं होतं.